मशीन निंघनं भो!

त्या दिवशी मी "जेसीबी भाऊ" नावानं सेव्ह केलेल्या नंबरवर एकतीस फोन लावले. नाशिकला ऑफिसात एखाद्या कस्टमरनं मला असा पिच्छा पुरवला असता तर चौथ्या फोनलाच ब्लॉक मारला असता, पण हा माणूस थोर, प्रत्येक फोन उचलायचा आणि दर वेळी तेवढ्याच प्रेमानं सांगायचा, "मशीन निंघनं भो, पाच मिनिट."

झालं असं की आप्पांनी अमळनेरला खूप वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर एकदाचं घर बांधायला काढलं. सुट्टी सहा दिवसांची. अखाजी म्हणजे आमची अक्षय तृतीया, साडेतीन मुहूर्तांतली, त्या दिवशी नारळ फोडला, खापरावरची पुरणपोळी आमरसात बुडवून बुडवून हाणली, आणि दुसरा दिवस ती पुरणपोळी उतरवण्यात गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला जेसीबी येणार होतं. इंजिनीयर आदल्या संध्याकाळीच फक्की, म्हणजे आखणीची पांढरी पूड, मारून गेलेला, बारा कॉलमचे बारा चौकोन आणि मागच्या कोपऱ्यात संडासच्या टाकीचा एक, असे तेरा. जाताना म्हणाला काळी माती आहे, मुरूम लागेपर्यंत खाली जायचंच, मधे थांबलात तर दोन पावसाळ्यात भिंती बोलायला लागतील. आमची ही काळी माती पावसात फुगते न उन्हाळ्यात आक्रसते, कापसाला केळीला सोनं, पण घर म्हणलं की तिच्या अंगात येतं. प्लॉटवर पडलेल्या भेगा बघून मी गाडीची चावी खिशात आणखी खोल सारली.

सात वाजले, आठ झाले, दहाला ऊन असं तापलं की फक्कीच्या पांढऱ्या रेघांकडं बघवेना. खान्देशातलं ऊन, ४४ अंश म्हणजे "आज जरा बरं शे" म्हणायची पद्धत. आप्पा निंबाखाली खुर्ची टाकून बसलेले, दर पंधरा मिनिटांनी विचारायचे, "कोठे शे रे तुन्हं मशीन?" जणू मी ते घरातनंच कुठंतरी विसरून आलोय.

माणसं लावून खोदून घ्यावं म्हणलं तर तेही अवघड, कारण अखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल संपतं, नवीन साल कुणाकडं किती धान्य किती पैसे यावर घासाघीस चालू असते, आणि जी माणसं मोकळी असतात ती पारावर पत्त्यांचा डाव मांडून बसलेली असतात. एकाला विचारलं तर वर न बघता म्हणाला, "आठ फूट? जेसीबी बोलाव ना भो." पुन्हा गाडी तिथंच.

आता हे जेसीबी म्हणजे मशीनचं नावच नाही खरं तर, ते आहे बॅकहो लोडर, पण तसं बोलून बघा कुठल्याही टपरीवर, तुम्हाला बसायला देतील आणि पाणी पाजतील. जोसेफ सिरिल बॅमफर्ड नावाच्या इंग्रज माणसाच्या नावाची ती अक्षरं. १९४५ साली त्यानं भाड्याच्या गॅरेजात सेकंडहँड वेल्डिंग सेट घेऊन धंदा सुरू केला आणि पहिली वस्तू काय बनवली तर उलटी होणारी ट्रॉली! पोकलेनचंही तसंच, ती फ्रान्सची कंपनी, पण आपल्याकडं साखळीवर चालणारं खोदायचं मशीन कुठल्याही कंपनीचं असो, पोकलेनच. आणि गंमत बघा, त्याच १९४५ साली आमच्या अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना काढणारी कंपनी निघाली, तिचीच पुढं विप्रो झाली. एकाच वर्षाची दोघं भावंडं म्हणा ना. एक भावंड जगभर सॉफ्टवेअर विकतंय आणि मी त्याच्या जन्मगावात डोक्यावर उपरणं टाकून दुसऱ्या भावंडाची वाट बघतोय.

साडेअकराला माझा संयम संपला. हेल्परनं फोनवर चुकून गावाचं नाव सांगितलेलं, मोटरसायकल काढली आणि निघालो मशीनच्या शोधात.

पहिल्या शेतात मशीन नव्हतं पण त्याच्या चाकांच्या खुणा होत्या आणि एक शेतकरी होता. विहिरीपासून खालच्या वावरापर्यंत पाइपलाइनची नाली, तीन फूट खोल, लांबच लांब दोरी धरल्यासारखी सरळ, आणि शेवटचे पन्नासेक फूट तशीच कोरी जमीन. "पाच मिनिटात येतो म्हणला न गेला," शेतकरी म्हणाला. कधी गेला? "काल." मी त्यांच्या शेजारी बांधावर बसलो. दोन माणसं, एक दुःख. त्यांनी चहा दिला, मी त्यांना सांगितलं नाही की मशीन मी बोलावलंय.

पुढं पाझर तलावावर सापडलं! लांबूनच तो पिवळा हात वरखाली होताना दिसला आणि मला माहेरचं माणूस दिसल्यासारखं झालं. २०१७ च्या गाळमुक्त धरण योजनेपासून आमच्याकडं उन्हाळ्यात तलावातला गाळ काढून शेतात टाकायचं चांगलंच मनावर घेतलंय लोकांनी, दहा-बारा ट्रॅक्टर लायनीत उभे, मशीन पुढच्या बकेटनं तीन घासात ट्रॉली भरतंय, ट्रॉली हलली की दुसरी. मी केबिनखाली जाऊन ओरडलो, "भाऊ, सात वाजता म्हणला होता ना!" भाऊ वरून हसला. वय असेल पंचवीस-सव्वीस, गळ्यात रुमाल, केबिनमध्ये लिंबूमिरची, छोटा पंखा आणि देवाचा फोटो, म्हणजे माझ्या नाशिकच्या केबिनपेक्षा जरा जास्तच सोयी. म्हणाला, "टेन्शन नका ल्या भाऊ, ह्या आठ ट्रॉल्या भरस न निंघस."

आठ ट्रॉल्या मी मोजल्या. स्वतः. आठवी भरली आणि नववा ट्रॅक्टर तिच्या मागनं असा आला जणू तिचंच शेपूट. नववीवाला तलाठ्याचा मेव्हणा निघाला, दहावीवाला मालकाचा व्याही. अकरावीला मी मोजणं सोडलं आणि हेल्परशी गप्पा मारत बसलो. हेल्पर बिहारचा, तीन वर्षांत माझ्यापेक्षा चांगली अहिराणी शिकलाय, त्याचं काम ग्रीस मारणं, डिझेल आणणं, मशीन मागं घेताना "येऊ द्या, येऊ द्या" ओरडणं, आणि भाऊ कामात असताना फोनवर पाच मिनिटं सांगणं. त्यानंच सांगितलं की भाऊ पण आधी हेल्पर होता, दुपारी मालक झोपला की चोरून लिव्हर हलवून शिकला, पहिल्याच दिवशी मालकाच्या मोटरसायकलवर बकेट टेकवलं. मी माझी मोटरसायकल जरा लांब लावून आलो.

तेवढ्यात फोन आला, केळीचा ट्रक रस्ता सोडून चारीत उतरलाय. सगळे ट्रॅक्टर तसेच ठेवून मशीन निघालं, मागनं मी. त्याला मी मनातल्या मनात जे काही बोललो ते बोललो, पण खरं सांगायचं तर ते काम बघण्यासारखं होतं. ट्रक एका अंगावर कललेला, बघे कठड्यावर, प्रत्येकाकडं सल्ला. भाऊनं कुणाचं ऐकलं नाही. मागचे दोन्ही जॅक जमिनीत रोवले, सीट गर्रकन उलटी फिरवली, वायररोप बांधला आणि मागच्या हातानं असं हळू हळू ओढलं की वरच्या घडांना खरचटलं पण नसेल. ड्रायव्हरनं एक फणी हातात ठेवली, भाऊनं त्यातली दोन केळी मला दिली. दुपारचं जेवण तेच.

चार वाजता तो स्वतःहून म्हणाला, "चला भाऊ, आता तुमचाच नंबर." मी पुढं, मशीन मागं, आरशात पिवळा रंग बघत बघत मी अशा थाटात निघालो जसा नवरदेव वरात घेऊन. चौकात आलो, आरशात बघितलं तर आरसा रिकामा!

मागं वळून पाहतो तर मशीन चौकातच उभं. कुठल्याशा भाऊसाहेबांचा वाढदिवस, मिरवणूक येणार, आणि पुढच्या बकेटमध्ये पोरं पोत्यानं झेंडूच्या पाकळ्या भरतायत. ज्या बकेटनं सकाळी तलावाचा गाळ उचलला त्याच बकेटमधून पुष्पवृष्टी. म्हणजे धुतलं होतं, बादलीभर पाण्यानं. भाऊसाहेब येणार होते पाचला, आले पावणेसातला, म्हणजे त्यांचीही पाच मिनिटं आमच्यासारखीच. बकेट वर गेलं, हळूच कलंडलं, पाकळ्या पडल्या, पाकळ्यांबरोबर थोडा तलावही पडला. भाऊसाहेबांनी हसतमुखानं खांदा झटकला. अर्धा मिनिटाच्या कामाला दोन तास, आणि भाडं दोन तासांचं. शेतकऱ्याचे पन्नास फूट कालपासून पडलेत ते का पडलेत हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं, कारण पाइपलाइनवाल्याचा पैसा कापूस विकल्यावर येतो न झेंडूवाल्याचा तिथल्या तिथं.

रात्री साडेनऊला मशीन प्लॉटवर आलं. आप्पा खुर्चीतच झोपलेले. २०१९ साली जेसीबीची खुदाई बघणाऱ्यांवर सगळ्या देशानं जोक मारले होते, मी पण फॉरवर्ड केलेले, आणि आता आमच्या गल्लीतली म्हाताऱ्यांसकट तीसेक माणसं जेवणं आटोपून खुदाई बघायला आलेली, काही जण घरनं खुर्च्या घेऊन.

पण काय हात होता त्याचा! बकेटचे दात बरोब्बर फक्कीच्या रेघेवर टेकायचे, चौकोनाच्या कडा सुरीनं बर्फी कापल्यासारख्या. माती काढून अलीकडं रचायचा, पलीकडं नाही, कारण उद्या सळई त्या बाजूनं येणार, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. सात-साडेसात फुटांवर त्यानं एकदम हात थांबवला. "आवाज बदलला ना भो, मुरूम लागना." मला काही ऐकू आलं नाही. टॉर्च मारून बघितलं तर खाली पिवळसर मुरूम, खरंच. नंतर प्रत्येक खड्ड्याला मी कान देऊन ऐकलं, बाराव्या खड्ड्यापर्यंत मला फक्त इंजिन ऐकू आलं.

मधे एकदा त्यानं विचारलं, "शेजारचा नळ कोठून गेला?" मी इंजिनीयरच्या थाटात म्हणलं, तिकडनं. तो इकडनं गेलेला होता. कारंजं उडालं, बघ्यांनी टाळ्या वाजवल्या, शेजारच्या काकू बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्या लहानपणापासूनचे सगळे उद्योग गल्लीला ऐकवले. हेल्परनं रबराचा तुकडा बांधून पाणी थांबवलं, त्याच्या खिशात तो तयारच होता. म्हणजे गिऱ्हाईकं सगळी माझ्यासारखीच असणार.

त्या गडबडीत भाऊचा फोन वाजायला लागला. त्याचे दोन्ही हात लिव्हरवर, हेल्पर खड्ड्यात, भाऊ म्हणाला "उचला ना भाऊ जरा." उचलला. पलीकडं एक रडवेला आवाज, "कधी येताय हो, दुपारपासून बसलोय..." मी तोंड उघडलं. सकाळपासून भोगलेलं सगळं आठवलं, या माणसाला तरी खरं सांगावं असं फार वाटलं. पण खरं सांगितलं आणि तो इथं येऊन बसला तर? माझे अजून चार खड्डे बाकी होते.

"मशीन निंघनं भो," मी म्हणलं, "पाच मिनिट."

भाऊनं केबिनमधून अंगठा दाखवला.

साडेबाराला काम उरकलं. तासाला बाराशे ठरलेले, माझ्या घड्याळात तीन तास न मशीनच्या मीटरमध्ये पावणेचार, कारण मीटर इकडं यायला इंजिन चालू झालं तेव्हापासूनच पळतं, त्याला कारंज्याशी न काकूंशी घेणंदेणं नसतं. घासाघीस करायचं त्राण नव्हतं, दिले. मशीन गेलं, बघे खुर्च्या उचलून गेले, मी ढिगाऱ्यावर बसलो आणि आप्पा जागे झाले. हातात टॉर्च घेऊन सगळे खड्डे एकेक मोजत फिरले, आणि मागच्या कोपऱ्यात जाऊन थांबले. तिथं फक्कीचा चौकोन होता तसाच, पांढराशुभ्र.

"टाकीना खड्डा?"

मी पळत पळत रस्त्यापर्यंत गेलो, लाल दिवा वळणावर दिसेनासा झालेला. फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला, मागं इंजिनाचा आवाज, पण बोलणारा ना भाऊ होता ना हेल्पर, कोणीतरी तिसराच, दमलेला पण खुशीत.

"मशीन निंघनं भो," तो म्हणाला, "पाच मिनिट."