पुरात तबकड्या वाचल्या, पाकिटं गेली: ‘कव्हर म्हणजे नुसतं वेष्टन’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गेले पंधरा दिवस सांगली-मिरजेच्या गाणं ऐकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी ‘अगदी पटलं’ असं वर लिहून. मजकूर लांबलचक आहे, पण मुद्दे एवढेच. रेकॉर्डचं कव्हर म्हणजे धूळ बसू नये म्हणून घातलेलं वेष्टन, गाणं कानांनी ऐकायचं असतं. कव्हरांचं हे कौतुक गोऱ्या कंपन्यांनी माल खपवायला काढलं, आपल्या संगीताशी त्याचा संबंध नाही. मिरजेत राहिलेले थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांच्या तबकड्यांना कुठं कव्हर होतं, तरी त्या घरोघर वाजल्याच. आणि आता मोबाईल आल्यावर कव्हर मेलंच आहे, तेव्हा जुनी पाकिटं रद्दीत द्या आणि गाणी पेनड्राइव्हवर घ्या.

ते शेवटचं वाक्य वाचून मी लिहायला बसलो. कुणीतरी खरंच तसं करेल, याची मला भीती वाटते.

आधी वेष्टनाचा मुद्दा घेतो. त्याची परीक्षा आमच्या घरात झालेली आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. आमचं घर गावभागात. धान्य, कागदपत्रं, आजीचं अंथरूण, गॅसची शेगडी असं सगळं माडीवर नेलं आणि वडिलांचं रेकॉर्डचं कपाट खाली राहून गेलं. पाणी उतरल्यावर त्या कपाटाचं दार उघडेना. आतले पुठ्ठे फुगून एकमेकांत आणि दाराला घट्ट बसले होते. पहारीनं दार काढलं, तर समोर पाकिटांची रांग नव्हतीच, करड्या लगद्याची एक वीट होती. त्या विटेतून आम्ही ६३ एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या तबकड्या, एकेक करून सोडवल्या. बादलीत साधं पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, आणि हात नेहमी खाचांच्या दिशेनं गोल. धुऊन भांड्यांच्या जाळीत उभ्या करून सुकवल्या. ६३ पैकी ५८ वाजल्या. काही तर आश्चर्य वाटावं इतक्या स्वच्छ. कव्हरं वाचली सात, वरच्या कप्प्यात आडवी पडलेली.

त्या मजकुराच्या हिशेबानं आमचं काहीच गेलं नव्हतं. गाणं होतं, वेष्टन तेवढं गेलं. मलाही पहिले दोन दिवस तसंच वाटलं.

मग एका ख्यालगायिकेची एलपी लावली. एलपीचं मधलं गोल लेबल तबकडीबरोबरच दाबलेलं असतं, त्यामुळे ते डागाळलं तरी टिकतं. त्यावर बाईंचं नाव होतं, रागाचं होतं, तालाचं होतं. पण द्रुत, म्हणजे जलद लय, सुरू झाल्यावर तबल्याच्या साथीत एक जागा येते, बाई सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सोडून पुढे जातात आणि तबलजी त्यांना न अडवता अलगद सावरून घेतात. लहानपणापासून ऐकलेली जागा. हे कोण वाजवतंय, हे मला सांगता येईना. हार्मोनियम की सारंगी हे कानांना कळत होतं, वाजवणारा कोण ते कळत नव्हतं. वडील असते तर त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. ते पुराच्या दोन वर्षं आधीच गेले होते. नावं पाकिटाच्या पाठीवर होती, आणि पाठ लगद्यात गेली होती. मोबाईलवर तीच ध्वनिमुद्रिका शोधली. तिथं बाईंचं नाव आहे, कंपनीचं आहे, मिनिटं-सेकंद आहेत. साथीदारांचा पत्ता नाही.

गाणं कानांनीच ऐकायचं असतं, यावर माझा वाद नाही. पण जे ऐकलं ते कुणाचं, हे त्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं होतं. आपल्या संगीतात साथीदाराच्या वाट्याला नाव लागण्याच्या जागाच थोड्या. मैफिलीत एकदा उच्चार होतो आणि हवेत विरतो. छापून राहण्याची जागा म्हणजे कव्हरची मागची बाजू. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ घ्या, १९६७-६८ ची. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार ही तीन नावं पुष्कळांना तोंडपाठ असतात. तबल्यावर कोण, विचारून बघा. माणिकराव पोपटकर.

त्या रेकॉर्डची दुसरी गोष्टही याच मुद्द्यात बसते. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, आणि त्या त्या वेळेचे राग, अशी तिची कल्पना. अहीर भैरवनं उजाडतं, पहाडीत संपतं. सुरांतून प्रसन्नता कळेल, वेळही जाणकाराला कळेल. मेंढपाळ मात्र कळणार नाही. तो कव्हरनं आणि त्यावरच्या मजकुरानं सांगितलेला आहे. शब्द नसलेल्या संगीताला गोष्ट द्यायची तर दुसरी जागा कुठं होती?

खाँसाहेबांचा मुद्दा त्या मजकुरातला सगळ्यात वजनदार आहे, विशेषतः मिरजेच्या माणसाला. तो खराही आहे. त्यांच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, तबकड्या साध्या कागदी पाकिटात यायच्या, मध्ये गोल भोक, त्यातून लेबल दिसायचं. १९३७ साली खाँसाहेब गेले तेव्हा कव्हरावर चित्र छापायची रीतच जगात पडलेली नव्हती. तरी त्यांचा सूर कमी झाला नाही. मान्य.

पण कव्हर नव्हतं म्हणून त्याची गरज नव्हती, असं कसं म्हणणार? भारतातलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ साली कोलकात्यात सुरू झालं, फ्रेड गायसबर्ग हे ग्रामोफोन कंपनीचे माणूस आले तेव्हा. गौहरजान त्या तीन मिनिटांच्या तबकडीच्या शेवटी स्वतःच्या तोंडानं सांगायच्या, ‘माय नेम इज गौहरजान’. कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या, तिथल्या माणसांना कुठल्या तबकडीवर कुणाचं नाव चिकटवायचं हे कळावं म्हणून. गाणाऱ्या बाईला गाण्यातलेच काही क्षण काढून आपलं नाव सांगावं लागत होतं. पुढे कंपन्यांनी याद्या छापल्या, त्यांत गवयांचे फोटो घातले. लोकांना चेहरा हवा होता, नाव हवं होतं, आणि पाकिटावर नव्हतं तर ते दुसरीकडून मिळवत होते.

कॅसेटच्या काळातही हेच पाहिलं. ऐंशीच्या दशकात सांगलीत कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दुकानात दिली की आठवड्यानं भरून मिळायची. आतलं कार्ड कोरंच. माझी मोठी बहीण घरी येऊन पट्टी-पेन घेऊन बसायची. बाजू अ, बाजू ब, गाणं, गायक, संगीतकार, आणि कडेला मारुतीच्या शेपटासारखी एक नागमोडी वेल. कुणी सांगितलं नव्हतं तिला. एलपीचं कव्हर साधारण ३१ सेंटीमीटर चौकोनी, म्हणजे कॅसेटच्या दर्शनी कार्डाच्या जवळजवळ पंधरापट. एवढ्याशा जागेतही तिनं वेल बसवली.

आता ‘गोऱ्या कंपन्यांनी खपासाठी काढलेलं’. खपासाठीच काढलं, यात लपवण्यासारखं काही नाही. १९४० पर्यंत अमेरिकेतही ७८ च्या तबकड्यांचे संच करड्या-तपकिरी पुठ्ठ्यांत बांधून मिळायचे. फोटोच्या अल्बमसारखी ती बांधणी, म्हणूनच ‘अल्बम’ हा शब्द. दुकानात ते कण्यावरची अक्षरं दाखवत उभे असायचे आणि लोक त्यांना थडगी म्हणायचे. कोलंबिया कंपनीतला ॲलेक्स स्टाइनवाइस नावाचा तेवीस वर्षांचा पोरगा म्हणाला, यावर चित्र छापू या. पहिल्याच कव्हरसाठी त्यानं न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहाच्या दिव्यांच्या पाटीवर अल्बमचं नाव चढवून घेतलं आणि तिचा फोटो काढला. विक्री वाढली, बाकीच्या कंपन्या मागोमाग आल्या. १९४८ मध्ये बारा इंची एलपी आली आणि चित्रकाराला फळा मिळाला.

खपासाठी सुरू झालेली गोष्ट कला होत नाही, असं मात्र सांगलीच्या माणसानं म्हणू नये. इथं सुरू झालेलं नाटक पुढे तिकिटं विकूनच जगलं.

‘आपल्या संगीताशी संबंध नाही’ याचं मला खरं वाईट वाटलं. रागाचं चित्र काढण्याची परंपरा जगात कुणाची असेल तर ती आपली. रागमाला. प्रत्येक राग-रागिणीचं एक रूप ठरलेलं, वेळ ठरलेली, ऋतू ठरलेला, आणि पुष्कळ चित्रांच्या माथ्यावर तिचं वर्णन करणारा श्लोक किंवा दोहा लिहिलेला. खाली चित्र, वर मजकूर. हे आपल्यापासून लांबही घडलेलं नाही. दख्खनी रागमालांची सोळाव्या शतकाच्या शेवटची चित्रं प्रसिद्ध आहेत. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं, ज्याचा काळ १५८० ते १६२७, ‘किताब-ए-नौरस’मध्ये रागांखाली पदं रचली आणि काही रागांचं माणसासारखं रूपवर्णन केलं, अंगावर काय ल्यालंय, हातात काय आहे इथपर्यंत. मिरज तेव्हा विजापूरच्याच अमलात होती. राग डोळ्यांसमोर आणायचा असतो, हे या मातीला स्टाइनवाइसच्या आधी साडेतीनशे वर्षं माहीत होतं.

आपल्याकडची पुष्कळ कव्हरं वाईट होती, हे मात्र मी नाकारत नाही. गवयाचा स्टुडिओतला फोटो, मागं निळा पडदा, वर भडक अक्षरं, संपलं काम. पण त्या सरधोपट फोटोंनाही सोडू नका. वाचलेल्या सातांपैकी एक कव्हर घेऊन मी मिरजेत सतारमेकर गल्लीत गेलो होतो, माझ्या तंबोऱ्याची जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारांचा गुंजणारा नाद जुळवून घ्यायला. तिथल्या म्हाताऱ्या कारागीर चाचांनी कव्हर हातात घेतलं, चष्मा वर केला आणि फोटोतल्या बाईंकडे न बघता तंबोऱ्याकडे बघत बसले.

“ह्यो बाईंचा न्हाई,” म्हणाले. “मर्दानी तंबोरा हाय. दांडी बघा की केवढी. फोटोवाल्यानं दिला असंल हातात.”

मग भोपळ्याच्या गोलाईवर बोट फिरवलं, दांडी भोपळ्याला मिळते तिथली कोरलेली पानं मोजली, घोडी कुठं बसवलीय ते पाहिलं. “काम आपल्याकडचंच,” म्हणाले, “पण आता असा भोपळा मिळत न्हाई.” दहा मिनिटं ते एका ‘नुसत्या वेष्टना’शी बोलत होते. तबकडी त्यांनी ऐकायलाही मागितली नाही.

कव्हरमध्ये किती ताकद असते हे कंपन्यांना पक्कं माहीत होतं, याचा एक पुरावा थेट भारताशी जोडलेला आहे. बीटल्स या इंग्लिश बँडच्या १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’चं कव्हर पीटर ब्लेक आणि जॅन हॅवर्थ यांनी केलं. प्रसिद्ध माणसांचे पुठ्ठ्याचे पुतळे उभे करून मोठा समूहफोटो काढला. त्यात महात्मा गांधीही होते. ईएमआय या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचे प्रमुख जोसेफ लॉकवूड यांनी भारतात लोक दुखावतील म्हणून गांधीजी काढायला लावले, आणि छापायच्या आधी ते चित्रातून पुसले गेले. गाण्याच्या एका सुराला कुणी हात लावला नव्हता. त्याच कव्हरच्या मागं सगळ्या गाण्यांचे शब्द छापले होते, म्हणजे ऐकणारा वाचतही होता.

‘मोबाईलवर कव्हर मेलं’ यावर फार लिहायची गरज नाही. आज इस्लामपूरचा एखादा पोरगा स्वतःचं गाणं ॲपवर चढवायला गेला तरी चौकोनी चित्राशिवाय ते पुढं जात नाही. अमेरिकेत २०२२ साली सीडींपेक्षा एलपी जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदा. मेलेल्या वस्तूसाठी लोक एवढे पैसे मोजत नाहीत. मेली आहे ती मागची बाजू. समोरचं चित्र अंगठ्याएवढं उरलं आणि पाठ कापली गेली. जुनी ध्वनिमुद्रणं चढवणारे कुणाच्याही सुरांवर कुणाचाही फोटो लावतात, आणि दोन वर्षांत तीच ओळख होऊन बसते. एका जुन्या भैरवीवर मी स्वतः दुसऱ्याच बुवांचा चेहरा पाहिला. खाली दोनशे प्रतिक्रिया, सगळ्या त्या चेहऱ्याला नमस्कार करणाऱ्या.

म्हणून रद्दीचा सल्ला कृपा करून मानू नका. पाकीट फाटलं असलं, वाळवीनं खाल्लं असलं तरी देऊ नका. द्यायचंच असेल तर आधी त्याचा फोटो काढा. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, पुठ्ठा सपाट ठेवून बरोबर वरून. मागची बाजू आधी, समोरची नंतर. बारीक अक्षरं मोठी करून वाचता येतात का ते तिथंच बघा. आत छापील कागद असेल तर तोही.

त्या ख्यालगायिकेच्या एलपीची पाठ मला शेवटी कऱ्हाडच्या एका संग्राहकांनी फोनवर पाठवली. कोपरा उंदरानं कुरतडलेला होता, नावं शाबूत होती. तबल्याचं नाव वाचलं आणि ती जागा पुन्हा लावून ऐकली. आता आमच्याकडच्या तबकड्या कोऱ्या पांढऱ्या पाकिटांत आहेत. मिळेल तसं मी त्यांवर पेन्सिलीनं लिहून काढतो, तबला, हार्मोनियम, सारंगी, तंबोऱ्यावर कोण. वाजलेल्या ५८ पैकी सातांची कव्हरं वाचली, उरलेल्या एक्कावन्नपैकी एकोणीस भरली. बत्तीस पाकिटं अजून कोरी आहेत, आणि त्यांच्या पाठी सांगली, मिरज, तासगाव, विट्याच्या कुठल्यातरी माळ्यावर असणार.