साधा ठेका आणि सेशन ड्रमरचा दिवस : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण तळमळीने आणि सविस्तर लिहिले आहे, त्यामुळे आभाराच्या दोन ओळी लिहून थांबणे मला योग्य वाटले नाही. आपला पहिला आक्षेप असा, की सेशन ड्रमर, म्हणजे इतरांच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणात ड्रम वाजवणारा वादक, कानात क्लिक (लय दाखवणारा यंत्राचा ठोका) घेऊन दिवसभर तोच साधा ठेका वाजवतो आणि ते काम यंत्र अधिक अचूक करते, म्हणून त्याला कला म्हणू नये. दुसरा असा, की मी ड्रमच्या वर्गात मुलांना कित्येक आठवडे एकाच ठेक्यावर ठेवतो, ते फी चालू राहावी म्हणून.

गाण्याची लय मिनिटाला ६० ठोक्यांची असेल, तर दोन क्लिकमध्ये पूर्ण एक सेकंद मोकळा असतो आणि ड्रमरची खरी परीक्षा त्या मोकळ्या जागेत होते. स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) क्लिकच्या किंचित मागे पडला तर गाणे निवांत वाटते, पुढे पडला तर गायकाला घाई झाल्यासारखी वाटते, आणि जी जागा पहिल्या ओळीत धरली तीच शेवटपर्यंत टिकवावी लागते. अलीकडे सांगलीतल्या एका स्टुडिओत भक्तिगीताचे ध्वनिमुद्रण होते. अंतऱ्याआधी टॉमवर (घुमणाऱ्या आवाजाच्या ड्रमवर) मोठी फिल, म्हणजे ठेका सोडून वाजवलेला भरगच्च तुकडा हवी, अशी संगीतकारांची सूचना होती. गायिकेचा शेवटचा शब्द मात्र सम ओलांडून पुढे रेंगाळत होता. मी फिल न वाजवता किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) एक ठोका गाळला आणि हायहॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) अर्धी मात्रा उघडा ठेवला. शब्द स्पष्ट ऐकू आला, अंतराही उचलला गेला, आणि संगीतकारांनी तोच टेक (त्या वेळचे ध्वनिमुद्रण) ठेवला. कुठे वाजवायचे नाही हे गायिकेचा श्वास ऐकून ठरवावे लागते.

रॉजर लिन यांनी खऱ्या ड्रमच्या आवाजांचे नमुने वापरणारे एलएम-१ हे यंत्र १९८० मध्ये आणले, तेव्हापासून ड्रमरांची कामे कमी झाली हे खरे आहे. जे गाणे यंत्रावर चांगले बसते तिथे यंत्र जरूर वापरावे. संगीतकारांना मी स्वतःच तसे सांगतो.

आपण सांगली-मिरजेच्या परंपरेचा दाखला दिला आहे, म्हणून तिथलेच उदाहरण देतो. शास्त्रीय गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे १९३७ मध्ये निधन झाले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांचे वास्तव्य मिरजेत होते. त्यांच्या किराणा घराण्यात पुढे विलंबित ख्याल इतका संथ झाला, की एकतालाच्या बारा मात्रांचे एक आवर्तन पुरे व्हायला बराच वेळ लागतो. त्या वेळी तबलजी बहुतांश साधा ठेकाच धरून असतो. त्याला कोणी यंत्र म्हणत नाही. उलट जाणकार श्रोते ‘ठेका छान धरला’ अशी दाद देतात. ड्रमरच्या साध्या ठेक्याकडेही त्याच कानाने पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

आता मुलांविषयी. सकाळी माझा रियाज असतो, दुपारी काम असेल तर ध्वनिमुद्रण, आणि संध्याकाळी विश्रामबागेत वर्ग. स्टुडिओत जे लागते तेच मी वर्गात शिकवतो. मूल ठेका वाजवत असताना मी मध्येच चार आवर्तने क्लिक बंद करतो आणि पुन्हा सुरू करतो. लय सरकली असेल तर त्याला ते लगेच कळते, मला बोलावेही लागत नाही. हायहॅट आणि स्नेअर एकाच क्षणी पडले नाहीत तर ‘टक्’ऐवजी ‘ट्रक्’ असा फुटका आवाज येतो. हा आवाज ऐकण्याची सवय कानाला लागायला आठवडे जातात, आणि ती लागली नसताना शिकवलेला वेगवान रोल (सलग जलद ठोके) पुढे फुटकाच राहतो. गणेशोत्सवात ताशा वाजवलेल्या मुलांची मनगटे उत्तम तयार असतात. त्यांना वेग शिकवावा लागत नाही, हळू आणि समान जोराने वाजवणे शिकवावे लागते, आणि तेच त्यांना सर्वांत जड जाते.

फीबद्दल आपण स्पष्ट विचारले आहे, तर स्पष्ट सांगतो : ज्याचा ठेका बसला तो त्याच दिवशी पुढच्या धड्यावर जातो, महिना संपण्याची वाट पाहिली जात नाही. आपल्या ओळखीच्या ज्या पालकांना शंका आहे, त्यांनी वर्गात मागे बसावे आणि क्लिक बंद असलेल्या त्या चार आवर्तनांत हाताने टाळी धरून पाहावी. मग मूल कुठवर आले आहे हे समजण्यासाठी त्यांना माझ्या शब्दावर विसंबून राहावे लागणार नाही.