गुळाच्या पट्ट्या, टॉमकॅट आणि आमची चूक : एका अभिप्रायास उत्तर

स. न. वि. वि.

आपण आमच्या राजारामपुरीतील कार्यालयाला एक स्टार देऊन लिहिलेला अभिप्राय आम्ही सर्वांनी एकत्र बसून वाचला. मार्केट यार्डातील आपल्या गूळ अडत दुकानाचा पट्टीचा (शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या चिठ्ठीचा) प्रोग्राम नव्या सर्व्हरवर बसवण्याचे पैसे आम्ही घेतले आणि प्रोग्राम दोन दिवस बंद राहिला. चालू झाल्यावर शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हे छापून आली. पुढच्या आठवड्यात एकाची रक्कम दुसऱ्याच्या पट्टीवर निघाली. फोन कोणी उचलला नाही. आणि मुळात टॉमकॅट, म्हणजे ज्याच्यावर आपला प्रोग्राम चालतो ते सर्व्हर सॉफ्टवेअर, फुकट मिळत असताना पैसे कशाचे घेतले, असे आपले म्हणणे आहे. यातील बहुतेक तक्रारी खऱ्या आहेत. एक मात्र आमच्या पदरात घालता येणार नाही, आणि नेमकी तीच सर्वांत गंभीर असल्यामुळे हे उत्तर लांबले आहे.

आधी ते दोन दिवस. आपला प्रोग्राम जावा या प्रोग्रामिंग भाषेची आवृत्ती ८ आणि टॉमकॅट ८ या जोडीसाठी लिहिलेला होता. आम्ही नव्या मशीनवर जावा १७ आणि टॉमकॅट १०.१ बसवले, कारण नवे मशीन म्हणजे नवी आवृत्ती ही आमच्याकडच्या मुलांना जडलेली सवय आहे. ती येथे नडली. जावाची मालक कंपनी ओरॅकल हिने २०१७ मध्ये जावाचा एंटरप्राइझ (व्यावसायिक व वेब प्रोग्रामांसाठीचा) भाग एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेकडे सोपवण्याचे ठरवले, परंतु पुढच्या बदलांसाठी ‘जावाएक्स’ हे नाव वापरण्याबाबत एकमत झाले नाही, म्हणून २०२० च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत त्यातील पॅकेजांचे (तयार कोडच्या गठ्ठ्यांचे) नाव ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ झाले. टॉमकॅट ९ पर्यंत जुने नाव चालते, १० पासून नवे. काम तेच असले तरी टॉमकॅट १० ला जुन्या नावाने लिहिलेले सर्व्हलेट (ब्राउझरकडून आलेल्या विनंतीला उत्तर देणारा प्रोग्रामचा भाग) हे सर्व्हलेट म्हणून ओळखूच येत नाही. आपल्याकडे लॉगिनचे पान व्यवस्थित उघडत होते, कारण ते साधे एचटीएमएल आहे, आणि बटण दाबताच ४०४ (‘पान सापडले नाही’) येत होते, त्याचे कारण हे. लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींत) त्याबद्दल एक ओळही नव्हती. जे सर्व्हलेट टॉमकॅटला दिसलेच नाही, त्याच्याविषयी ते तक्रार तरी कशी करणार? आमच्या मुलाने पहिला पूर्ण दिवस नेटवर्क आणि फायरवॉल तपासण्यात घालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जुनी वॉर फाइल (संपूर्ण प्रोग्राम एकत्र बांधलेली फाइल) नव्या नावांत बदलून देणारे टॉमकॅटचेच साधन वापरले. सर्व्हलेट जागी झाली, पण वजने येईनात. आपला प्रोग्राम काट्यावरच्या संगणकाकडून सोप वेब सर्व्हिसद्वारे (संगणकांनी एकमेकांकडून माहिती मागवण्याची एक पद्धत) वजन मागवतो, आणि त्यासाठी लागणारा भाग जावा ८ मध्ये जावासोबतच मिळत असे. २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ पासून तो काढून टाकण्यात आला आहे. वेगळ्या जार फाइली जोडून तो परत आणता येतो, परंतु हंगामात, सौदे चालू असताना, असे प्रयोग करणे आम्हाला योग्य वाटले नाही. दुपारी आम्ही टॉमकॅट ९ आणि जावा ८ बसवले आणि तासाभरात लॉगिन, वजने व पट्ट्या सर्व चालू झाले. याचा अर्थ उघड आहे. आपली वॉर फाइल आदल्या आठवड्यात मागून घेऊन आमच्याच टेबलावर एकदा चालवून पाहिली असती, तर हे दोन दिवस वाया गेले नसते. चूक संपूर्णपणे आमची आहे.

प्रश्नचिन्हांची चूकही आमचीच, पण ती अधिक लपून राहिली. संध्याकाळी आमच्या मुलाने टर्मिनलवरून टॉमकॅट सुरू केले तेव्हा नावे मराठीत नीट छापली गेली, आपल्या दिवाणजींनी स्वतः दोन पट्ट्या काढून पाहिल्या. रात्री वीज गेली, मशीन पुन्हा सुरू झाले, आणि या वेळी टॉमकॅट सर्व्हिस म्हणून आपोआप सुरू झाले. टर्मिनलमध्ये भाषेची मांडणी यूटीएफ-८ (मराठीसह सर्व लिप्या मावतील अशी) ठरलेली होती, सर्व्हिसला तसे कोणी सांगितलेले नव्हते. अशा वेळी जावा ८ साधी इंग्रजी अक्षरे गृहीत धरते आणि जे अक्षर त्यात बसत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवते. जुन्या सर्व्हरच्या बिन फोल्डरमधील सेटएनव्ह फाइलमध्ये (टॉमकॅट सुरू होताना वाचते त्या सूचनांच्या फाइलमध्ये) यूटीएफ-८ वापरण्यास सांगणारी ओळ होती; आम्ही प्रोग्राम आणला, ती फाइल आणायची राहिली. (जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच गृहीत धरले जाते, पण त्याचा आपल्याला येथे उपयोग नाही.) आता ती ओळ घातली आहे आणि मशीन तीनदा बंद-चालू करून पट्ट्या काढून पाहिल्या आहेत.

आता चुकीच्या पट्टीविषयी. आपण लिहिता की जुन्या सर्व्हरवर इतक्या वर्षांत असे कधी झाले नाही, म्हणजे दोष नव्या सर्व्हरचा. तर्क बरोबर वाटतो, पण तो तसा नाही. टॉमकॅट एका सर्व्हलेटचा एकच ऑब्जेक्ट तयार करते आणि येणारी प्रत्येक विनंती वेगळ्या थ्रेडवरून (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकावरून) त्याच एका ऑब्जेक्टकडे पाठवते. नेहमीच्या मांडणीत असे २०० पर्यंत थ्रेड असू शकतात. टॉमकॅट ८ मध्येही हेच होते, सर्व्हलेटची रचनाच मुळात अशी आहे. दिवाणजींनी कपाटातून काढून दिलेल्या सीडीवरील कोडमध्ये पट्टीच्या सर्व्हलेटने शेतकऱ्याचे नाव आणि हमाली, तोलाई वजा जाता राहणारी रक्कम ही दोन्ही मेथडच्या आत (प्रत्येक विनंतीसाठी वेगळी) न ठेवता क्लासच्या पातळीवर (सर्व विनंत्यांना सामाईक) ठेवलेली आहेत. म्हणजे पेढीवर एकच पाटी आहे आणि सगळे कारकून तिच्यावरच हिशेब मांडत आहेत, असा प्रकार.

पूर्वी पट्टी एकाच संगणकावरून निघत होती, त्यामुळे पाटी एकच असली तरी बिघडत नव्हते. नवे मशीन वेगवान असल्यामुळे आपण तीन संगणकांवरून पट्ट्या काढू लागलात. आम्ही दिवाणजींच्या समोर दोन संगणकांवर दोन वेगळे शेतकरी निवडून एकाच वेळी बटण दाबले. वीस वेळा केले, तीनदा रक्कम इकडची तिकडे गेली. मग तोच प्रयोग आपल्या जुन्या सर्व्हरवर केला, तेथेही एकदा गेली. हा दोष तेथे पहिल्या दिवसापासून होता. ज्यांनी प्रोग्राम लिहिला त्यांना नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. एका गल्ल्याच्या दुकानासाठी लिहिताना ही चूक अनेकांकडून होते. पण उद्या आपण आमच्याऐवजी दुसऱ्या कोणाकडून सर्व्हर बसवून घेतला, तरी हा दोष त्याच्याही मशीनवर आपल्या मागे येईल, एवढे लक्षात घ्यावे.

फोनबाबत काही सबब नाही. त्या दिवशी आपले तीन कॉल आले, उचलले गेले नाहीत आणि संध्याकाळपर्यंत उलट फोनही गेला नाही.

टॉमकॅट फुकट आहे हे खरे. ते अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचे आहे आणि त्याचे पैसे आम्ही कोणाकडूनच घेत नाही. बिल आहे ते बसवण्याच्या कामाचे: टॉमकॅट रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून न चालवता स्वतंत्र युजरने चालवणे, पत्त्यात ८०८० हा पोर्ट क्रमांक लिहावा लागू नये म्हणून पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवणे, मॅनेजर आणि उदाहरणांची ॲप्लिकेशन काढून टाकणे, लॉग भरून डिस्क अडकणार नाही अशी व्यवस्था करणे आणि रोजचा बॅकअप. हे काम केलेले आहे आणि चालू आहे. मात्र वर सांगितलेल्या दोन चुकांमुळे आपले काम थांबले, म्हणून बिलाची निम्मी रक्कम आम्ही आपल्या खात्यावर परत करत आहोत. हा अभिप्राय बदलावा अशी त्यासाठी अट नाही.

पट्टीच्या सर्व्हलेटची दुरुस्ती हे वेगळे काम आहे आणि त्याचे पैसे पडतील, हे आधीच स्पष्ट लिहितो. नाव आणि रक्कम या दोन्ही गोष्टी मेथडच्या आत घेण्याचे काम अर्ध्या दिवसाचे आहे. परंतु प्रोग्राममधील अकरा सर्व्हलेटांपैकी आणखी चार त्याच पद्धतीने लिहिलेली दिसतात आणि त्यांत जमाखर्चाचे एक आहे. आपण दुसऱ्या कोणाकडून ते करून घेणार असाल, तर त्या पाच फाइलींची नावे आणि नेमक्या ओळी लिहिलेला कागद दिवाणजींकडे दिलेला आहे, तो त्या माणसाला दाखवावा. तोपर्यंत कृपया पट्ट्या पूर्वीसारख्या एकाच संगणकावरून काढाव्यात, आणि गेल्या आठवड्यात तीन संगणकांवरून निघालेल्या पट्ट्या काट्याच्या वजनांशी एकदा ताडून पाहाव्यात. त्यासाठी आमचा एक माणूस विनामूल्य पाठवतो. सौदे उरकल्यावर दुपारची कोणती वेळ सोयीची ती कळवावी.

आपला,
संचालक