थेट प्रवेश म्हणजे नक्की कुठं?

लातूरच्या सौंदर्यस्पर्धेतल्या विजेतीचा रॅम्पवरचा फोटो पेपरात सगळ्यांनी पाहिलेला होता, त्यामुळं बातमी कुणी वाचून दाखवली नाही. रविवार, औसा रोडची टपरी, बंद शटरची पायरी आणि नेहमीची टाळकी. चहा यायच्या आधीच देशमुख सरांनी तोंड उघडलं.

"जिजाऊंच्या महाराष्ट्रात लेकी रॅम्पवर नाचवायलेत!"

"सर, हेच वाक्य तुम्ही डीजेवर पण म्हणलाव आणि नीटच्या पेपरफुटीवर पण," मंडपवाला बालाजी म्हणाला.

मीराताई स्कूटीला स्टँड लावत होत्या. "नाचली कुठं वो ती? चालली. चोवीस फूट गेली, वळली, माघारी आली. तुम्ही तर पहिल्या रांगेत बसलेलाव, दिसलं नाही व्हय?"

"मला पास आला होता," सर पुटपुटले. पुढची दोन मिनिटं ते पेपरमागंच होते.

पप्पूला तेवढीच फट पुरली. पप्पू म्हणजे या स्पर्धेचा 'रीजनल डायरेक्टर'. तसं कार्डावर छापलंय आणि व्हॉट्सॲपच्या फोटोत मे महिन्यात ब्लेझर घातलाय. "ताई, आपण मराठवाड्याच्या पोरींना प्लॅटफॉर्म दिला. हितून थेट नॅशनल!"

शकीलभाई कडेला बसून बशीत चहा ओतत होते. लेडीज टेलर माणूस, बोलतो कमी, मापात बोलतो. "प्लॅटफॉर्म बालाजीनं दिला. त्याचं बिल तू अजून दिलं नाहीस."

झालं, बालाजीचा बांध फुटला. गणपतीच्या मंडपापासूनची थकबाकी आधी निघाली, मग रॅम्प निघाला. "दोन पोरी अडखळल्या तर ह्यानं माइकवर माझं नाव घेतलं. चार फूट रुंद, चोवीस फूट लांब, म्हणजे आठ बाय चारच्या तीन प्लाय एकापुढं एक. मधी दोन सांधे. हिलचं टोक केवढं असतंय? सेंटीमीटरभर. सगळं वजन त्याच्यावर. सांध्यात चार-पाच मिलिमीटरची फट राहिली की टोक कडंवरून घसरतंय, कार्पेट असलं तरी. म्हणून म्हणलं, खाली अठरा एमएमचा थर टाकू, त्याच्यावर नऊ एमएमचा दुसरा, आणि वरचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत. हा म्हणाला, बजेट नाही."

"नव्हतंच बजेट," पप्पू.

"आणि कार्पेटवर ज्वेलर्सचं फ्लेक्स अंथरायला होतं?"

पप्पू गप्प. स्पॉन्सरला आपलं नाव पोरींच्या पायाखाली दिसायला पाहिजे होतं म्हणे. फ्लेक्सवर लाइट पडला की ते घसरगुंडी होतं, आणि चार बाजूंनी टेप मारली तरी मधून फुगा येतो. मीराताई म्हणाल्या, मेकअप रूममध्ये त्यांनी सॅंडपेपरचा तुकडा सगळ्यांना फिरवला. नव्या सॅंडलचा तळ आडवा-उभा घासायचा, जरा खरबरीत झाला की पकड येते. घाई असली तर हेअरस्प्रे मारायचा, पण त्याला धूळ चिकटते, दुसऱ्या फेरीला उपयोग नाही.

"अडखळण्याचं निम्मं पाप आमच्या लायनीचं पण आहे," शकीलभाई म्हणाले. हे मला आवडतं त्यांचं, स्वतःच्या धंद्याला सोडत नाहीत. "पोरगी गाऊनच्या मापाला चपलेवर येते. म्हणते, हिल नंतर घेणार. कसं माप घ्यायचं? जी हिल स्टेजवर घालणार तीच पायात पाहिजे. समोरून घेर जमिनीपासून अर्धा-पाऊण इंच वर, मागं लोळला तर लोळू दे. चार इंचाच्या हिलवर शिवलेला गाऊन ऐनवेळी दोन इंचाच्या सॅंडलवर घातला की दीड इंच कापड पायात आलं. आणि उरेब, म्हणजे तिरका कापलेला असेल तर एक दिवस हँगरला टांगून ठेवायचा, कापड उतरेल तेवढं उतरू द्यायचं, मगच खाली दुमड घालायची. नाहीतर कार्यक्रमाच्या दिवशी एक बाजू खाली. मग म्हणतात शकीलनं वाकडं शिवलं."

"शिवलंयसच की वाकडं, माझा सफारी!" सर पेपरमागून.

"सर, तुमचा सफारी सरळ आहे. पोट वाकडं आहे."

इथून दहा मिनिटं सरांच्या पोटावर गेली. सरांनी उलट बालाजीची जुनी नृत्यस्पर्धा काढली. त्यात परीक्षक सर होते आणि पहिलं बक्षीस सरांच्या भाच्याला गेलं होतं, हे बालाजी बारा वर्षं विसरलेला नाही. त्या गुणपत्रिका पेन्सिलनं भरलेल्या होत्या, एवढं त्यानं परत एकदा सांगितलं. सर म्हणाले, पेन चालत नव्हतं.

पप्पूनं संधी साधून मोबाईलवर आपल्या गुणपत्रिकेचा फोटो दाखवला. पाच परीक्षक, सगळं पेनानं. शकीलभाईंनी चष्मा वर केला. "सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा उडवलास का?"

"कामून उडवायचा?"

"कारण पाचातली एक स्पॉन्सरची बायको आहे. तिनं एकीला दहा दिले, बाकीच्यांना चार. दोन टोकं उडवली की असल्या एकटीच्या लाडाला किंमत राहत नाही. आणि गाऊनच्या फेरीचे गुण फायनलला धरले का पाटी कोरी केली? आधी सांगितलंस? नाही ना. मग तिसरी आलेली पोरगी रडली ती उगाच नाही रडली."

आता खरा मुद्दा. फ्लेक्सवर सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'विजेतीला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश'. मीराताईंनी विचारलं, "पप्प्या, कुठल्या राष्ट्रीय? नाव सांग."

"मिस इंडिया."

"कुठली मिस इंडिया? ज्याला पाहिजे तो आपल्या स्पर्धेला मिस इंडिया म्हणतो. फेमिनाची म्हणत असशील, तर ती 1964 पासून आहे आणि 2017 पासून तिथं राज्याची एक अशी मुलगी घेतात. महाराष्ट्राची जागा एक. त्या एका जागेला मुंबई-पुण्याच्या पोरी पण रांगेत आणि आपली उदगीरची पण. निवड ते स्वतःच्या ऑडिशनमधून करतात. आठ जिल्ह्यांचा वेगळा कोटा कुणी ठेवलेला नाही, विकास महामंडळ नाही ते."

"मग मिस युनिव्हर्स," पप्पूनं पत्ता बदलला.

"तिथं रस्ता खरंच राज्यावरून जातो. 2025 ला जयपूरला जिला मिस युनिव्हर्स इंडियाचा मुकुट मिळाला ती मनिका विश्वकर्मा, श्रीगंगानगरची, आधी राजस्थानची विजेती होती. श्रीगंगानगर काय मुंबई आहे? पार पाकिस्तानच्या हद्दीला लागून. म्हणजे आडगावची पोरगी जाते, पण ज्याच्याकडं त्या वर्षी त्या राज्याची स्पर्धा घ्यायचं लायसन्स आहे त्याच्या दारातून जाते. तुझ्याकडं कुणाचं लायसन्स आहे?"

पप्पू म्हणाला, त्याचं टायअप आहे. कुणाशी, तर पुण्याच्या एका सरांशी. त्या सरांचं दिल्लीच्या कुणाशी तरी. कागद? व्हॉट्सॲपला आहे.

शकीलभाईंनी बशी खाली ठेवली. "बेटा, टायअप म्हणजे काय हे मला विचार. मी म्हणतो कापड सुरतचं आहे. दुकानदार म्हणतो मिलचं आहे. मिलला विचारलं तर त्यांचं दुकानच वेगळं. पोरीच्या बापानं तुझ्याकडं लायसन्सचं पत्र मागायचं, त्याच्यावर वर्ष आणि प्रदेश बघायचा, आणि ज्यांनी दिलं त्यांना स्वतः फोन लावून विचारायचं. 'थेट प्रवेश' म्हणजे स्टेजवर उभं राहायचं का ऑडिशनच्या रांगेत उभं राहायचं, हे लिहून घ्यायचं. तिथली फी, तिकीट, हॉटेल, आठ-दहा ड्रेस कुणाच्या पैशानं, ते पण."

"आणि तो करार," मीराताई म्हणाल्या. "जिंकल्यावर हार गळ्यात असतानाच सही घेतात. वर्षभर दुसरीकडं काम करायचं नाही, केलं तर एवढे टक्के आमचे. सही दुसऱ्या दिवशी पण करता येते, एवढं कुणी पोरीला सांगत नाही."

पप्पूनं हिशेब मांडायचा प्रयत्न केला, हॉल, साउंड, परीक्षकांची गाडी. बालाजीनं तोच हिशेब उलटा मांडला. समजा चाळीस पोरी, पाच-पाच हजार, दोन लाख तिथंच. वर प्रत्येकीला विकायला दिलेली तिकिटं. वर ऑनलाइन मत, एका मताला दहा रुपये. "म्हणजे पोरगी स्पर्धक पण, गिऱ्हाईक पण आणि एजंट पण. आणि माझं बिल थकलेलं."

सर मध्येच जागे झाले. "म्हणूनच म्हणतो, अभ्यास करावा. हे लातूर आहे, इथून डॉक्टर होतात!"

"रीटा फारिया 1966 ला मिस वर्ल्ड झाली तेव्हा मुंबईच्या ग्रँट मेडिकलला शिकत होती," मीराताई शांतपणे म्हणाल्या. "मुकुट उतरवून डॉक्टर झाली. आपली पनवेलची अदिती गोवित्रीकर त्याच कॉलेजची एमबीबीएस, 2001 ला मिसेस वर्ल्ड. आता काढा क्लास, ट्यूशन एरियात जागा बघून देते."

सर म्हणाले, ते अपवाद. मग म्हणाले, लग्नाच्या बायका पण जातात का? मिस युनिव्हर्सनं 2023 ला लग्न झालेल्यांना आणि आयांना दार उघडलं, 2024 ला वरची वयोमर्यादाच काढली, हे ऐकल्यावर सरांचा चहा अंगावर सांडला. पप्पूच्या फॉर्मवर अजून 'अविवाहित, वय 25 पर्यंत' आहे. कुठून तरी जुना उतरवलेला दिसतो.

प्रश्नाच्या फेरीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, म्हणजे सगळे एकदम बोलायला लागले. आपल्या पोरींनी उत्तरं पाठ केली होती. प्रश्न पाण्यावर आला तरी उत्तर स्त्री-सक्षमीकरणाचं. "लातूरला, जिथं 2016 ला रेल्वेनं पाणी आलं, तिथल्या पोरीला पाण्यावर बोलता येऊ नये?" मीराताई हळहळल्या. त्यांचं म्हणणं, तीस सेकंदात तीनच गोष्टी बसतात: पहिल्या वाक्यात आपलं मत, एक कारण, एक डोळ्यांनी बघितलेलं उदाहरण. आणि मराठीत बोलावं. जागतिक स्पर्धेत दुभाषा देतात, तर लातूरच्या हॉलमध्ये तुटक्या इंग्रजीची जबरदस्ती कशाला?

"खरं बोलून पण भागत नाही," शकीलभाई म्हणाले. "1992, बँकॉक, मिस युनिव्हर्स. आपली मधू सप्रे. देशाची प्रमुख झालीस तर काय करशील? खेळाडू पोरगी, म्हणाली मोठं स्टेडियम बांधीन. तिसरी आली. 2000 ला प्रियांका चोप्राला विचारलं, हयात असलेली सगळ्यात यशस्वी बाई कोण? म्हणाली मदर तेरेसा. मदर जाऊन तीन वर्षं झाली होती. मिस वर्ल्ड झाली."

"म्हणजे काय समजायचं?" बालाजी.

"काही नाही. स्टेडियम झालं असतं तर बरं झालं असतं."

वेशभूषेवर बोलणं निघालं ते थोडक्यात आटोपलं. सगळ्याच नऊवारी आणि नथ. पैठण आपलं, हिमरू आपलं, आणि एकीनंही हिमरूला हात लावला नाही. तांड्यावरची एक पोरगी आजीची काचळी-फेटिया, म्हणजे बंजारा चोळी-घागरा घालून आली होती. आरसे, कवड्या, नाणी, अंगावर केवढं वजन, आणि तरी सगळ्यात ताठ तीच चालली. तिला दिलं काय? 'बेस्ट स्माइल'.

"बेस्ट स्माइल, बेस्ट हेअर, बेस्ट स्किन," बालाजी मोजायला लागला. "चाळीस पोरी, अडतीस पदव्या. दोघींनी काय घोडं मारलं होतं?"

तेवढ्यात पप्पूचा फोन वाजला. तो उठून बाजूला गेला, पण पलीकडचा आवाज स्पीकर नसताना पायरीपर्यंत येत होता. त्याच तांड्यावरच्या पोरीचा बाप. सर्टिफिकेट फ्रेम करायला नेलं होतं, फ्रेमवाल्यानं वाचून दाखवलं. इंग्रजीत स्माइलचं स्मेल झालंय.

पप्पू म्हणत होता, काका, प्रिंटरची चूक, काका, बदलून देतो. बालाजी पायरीवर आडवा झाला होता. मीराताईंनी तोंडात पदर धरला. सरसुद्धा हसले, आणि हसता हसता म्हणाले, जिजाऊंच्या महाराष्ट्रात.

"पप्पू," शकीलभाईंनी हाक मारली, "बदलू नको. तेवढं एकच सर्टिफिकेट असं आहे की परीक्षक जवळ गेला होता हे सिद्ध होतं."

चहाचे पैसे पप्पूवर टाकून सगळे उठले. त्यानं खिसे चाचपले आणि बालाजीकडं बघितलं.