बदला नव्हे, स्वसंरक्षण

पाकिस्तानातील बालाकोट येथील दहशतवादी तळावर भारताने फेब्रुवारी २०१९ मध्ये केलेल्या हवाई कारवाईचे समर्थन त्यावरील एका लेखात लेखकाने ‘पुलवामाचा बदला’ एवढ्याच आधारावर केले आहे. ते मला अपुरे आणि आपल्याच बाजूला दुबळे करणारे वाटते. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमधील पुलवामा येथील आत्मघाती हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान हुतात्मा झाल्यावरचा संताप रास्तच होता, परंतु संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम ५१ स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करते, सूड उगवण्याचा नाही. कारवाईच्याच दिवशी, २६ फेब्रुवारीला, तत्कालीन परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी वाचून दाखवलेले निवेदन या दृष्टीने पुन्हा वाचावे. जैश-ए-मोहम्मद ही पाकिस्तानस्थित दहशतवादी संघटना आणखी आत्मघाती हल्ल्यांच्या तयारीत असल्याची खात्रीलायक माहिती, आपली भूमी दहशतवादासाठी वापरू न देण्याचे पाकिस्तानने जानेवारी २००४ मध्ये दिलेले वचन, आणि नागरी वस्तीपासून दूर, दाट जंगलातल्या टेकडीवरचा तळ लक्ष्य केल्याचा खुलासा, हे सारे त्यात आहे. सूडाची भाषा कुठेही नाही. कलम ५१चा उल्लेख मात्र नाही. या कलमाखाली केलेली कारवाई सुरक्षा परिषदेला तत्काळ कळवावी लागते, आणि त्या निमित्ताने काश्मीरचा विषय तिथे पुन्हा निघू नये ही दिल्लीची जुनी चिंता मी समजू शकतो. तरीही आपला हक्क तिथे लेखी नोंदवायला हवा होता, असेच माझे स्पष्ट मत आहे.