स्टॅम्पपेपरवर सही घेतली, तरी भरपाई द्यावीच लागते

नमस्कार. भोसरीत तुमचं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे आणि कामगारांच्या भरपाईवरचा माझा लेख त्यांना कोर्टाच्या नादी लावतो, असं तुम्ही लिहिलंत. ओळखीच्या मालकाकडे भडका उडून कामावरचा मुलगा भाजला, चूक त्याचीच होती, तरी मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, वर दोन लाख देऊन, आणखी काही मागणार नाही अशी स्टॅम्पपेपरवर सही घेतली. आता आणखी काय हवं, असं तुम्ही विचारता.

बिल भरलं हे चांगलंच झालं. पण उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानेच द्यायचा असतो आणि तो भरपाईतून वजा होत नाही. राहिली चूक. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात काम करताना, कामामुळे इजा झाली की मालकाची जबाबदारी लागते. नुसता निष्काळजीपणा दाखवून सुटका नाही. कामगार दारू प्यायला होता किंवा सुरक्षेचा स्पष्ट नियम त्याने जाणूनबुजून मोडला आणि त्यामुळेच अपघात झाला, हे सिद्ध करावं लागतं. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर हाही बचाव चालत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण पाया तोच राहिला.

आणि ती सही? हक्क सोडल्याचा असा करार कायद्याने रद्दबातल आहे. तडजोड करायची तर ती भरपाईचे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते.

आता दोन लाखांचा हिशेब बघा. वय ३०, पगार १२,००० धरू. पुन्हा कामच करता येणार नसेल तर पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२००, गुणिले कायद्याने त्या वयाला ठरवलेला गुणक २०७.९८: १४,९७,४५६ रुपये. कमाईची ताकद ४० टक्के गेली असेल तरी सहा लाखांच्या आसपास.

ही ताकद किती गेली, हे डिस्चार्जच्या दिवशी कळत नाही, आणि माझा खरा राग इथे आहे. हात कापावा लागला तर त्याचा टक्का कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेला असतो. भाजलेली कातडी महिनोन्‌महिने आकसत राहते, कोपर सरळ होत नाही, बोटं वळत नाहीत, पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. अंगाच्या दुसऱ्या भागावरून काढून लावलेल्या कातडीला नीट घाम येत नाही. असा माणूस वेल्डिंगजवळ किंवा भट्टीपाशी पाळी कशी काढणार? म्हणून डॉक्टरांकडून कमाईच्या नुकसानीचा दाखला घ्यायचा, तो जखमा स्थिरावल्यावर. चेहरा अतिशय विद्रूप झाला तर परिशिष्टातच १०० टक्के धरलेत.

पुण्याजवळच्या तळवड्यात ८ डिसेंबर २०२३ ला केकवरच्या फुलबाज्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागून बायका गेल्या. त्यांच्या घरच्यांनाही 'चूक कोणाची' विचारत बसायचं का?

छोटा मालक बुडेल ही तुमची भीती मला समजते. त्यावर उपाय विम्याचा आहे. दहा माणसं असतील तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा भरा. ईएसआय लागू असेल तर भरपाईचा वेगळा दावा मालकावर येत नाही. त्याहून कमी असतील तर कामगार भरपाईची पॉलिसी काढा, त्यात ठेकेदाराची माणसंही धरा, कारण त्यांची जबाबदारीही मूळ मालकावर येते.

तुमच्या ओळखीच्या मालकाला एवढं नक्की सांगा: महिन्याभरात रक्कम दिली नाही तर वर १२ टक्के व्याज चढतं आणि निम्म्यापर्यंत दंड होऊ शकतो. त्या मुलालाही सांगा, अपघातापासून दोन वर्षांच्या आत भरपाईचा अर्ज करायचा असतो.