टिकून राहणे की देखणा खेळ? ब्लॅकबर्नने दिलेले उत्तर

प्रीमियर लीग ही इंग्लिश फुटबॉलची सर्वांत वरची श्रेणी, आणि तिच्या तळाचे संघ दरवर्षी खालच्या श्रेणीत ढकलले जातात. तिथे तळाशी असलेल्या एखाद्या संघाने नव्वद मिनिटे बचाव करून, वेळ काढून, १-० असा विजय पदरात पाडून घेतला की आपल्याकडच्या फुटबॉलप्रेमींच्या गप्पांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘असले खेळण्यापेक्षा खालच्या श्रेणीत गेलेले काय वाईट?’ हे वाक्य बोलणारे बहुतेक जण लिव्हरपूल, आर्सेनल किंवा मँचेस्टरच्या दोन संघांपैकी एकाचे चाहते असतात, म्हणजे ज्यांच्या संघावर खालच्या श्रेणीत जाण्याची वेळ सहसा येत नाही असे. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला दिसतो. खुद्द इंग्लंडमध्ये त्या वेळच्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण होत नाही, त्यामुळे तिथल्या चाहत्याला एक तर मैदानावर जावे लागते किंवा रेडिओवर भागवावे लागते. आपण मात्र जेवता जेवता तो पाहतो आणि कंटाळा आला की चॅनेल बदलतो. आपल्याला करमणूक हवी असणे स्वाभाविकच आहे, कारण त्या सामन्यात आपले दुसरे काहीच पणाला लागलेले नसते.

माझा मुद्दा असा आहे की देखणा खेळ मागणारा आणि त्या मागणीची किंमत मोजणारा हे बहुतेक वेळा वेगवेगळे लोक असतात. या वादात कोणाची बाजू घ्यायची हे ठरवण्याआधी किंमत कोणाच्या खिशातून जाणार आहे हे पाहायला हवे. याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या पुण्याशी जोडलेले आहे, आणि तरीही पुण्यातल्या फुटबॉलप्रेमींमध्ये त्याची चर्चा फारशी होत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधले, एके काळी कापडगिरण्यांवर जगलेले, लाखभर वस्तीचे शहर. तिथला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांपैकी एक. जॅक वॉकर या स्थानिक पोलाद उद्योजकाच्या पैशावर, केनी डॅल्ग्लिशच्या मार्गदर्शनाखाली आणि अॅलन शिअररच्या ३४ गोलांच्या बळावर या क्लबने १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकली. वॉकर २००० मध्ये वारले. त्यानंतरच्या दशकात क्लबने २००२ चा लीग कप (इंग्लिश क्लबांची एक बाद फेरीची स्पर्धा) जिंकला, परंतु हळूहळू त्याची गणना मधल्या फळीतल्या, पैशाने बेताच्या क्लबांमध्ये होऊ लागली. डिसेंबर २००८ मध्ये संघ खालच्या श्रेणीत जाण्याच्या छायेत असताना सॅम अॅलर्डाइस यांना मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, म्हणून आणण्यात आले. त्यांनी त्या मोसमात संघाला पंधराव्या क्रमांकावर आणून वाचवले आणि पुढच्या मोसमात ५० गुणांसह दहावा क्रमांक मिळवून दिला, शिवाय लीग कपच्या उपांत्य फेरीपर्यंत नेले.

अॅलर्डाइस यांचा खेळ देखणा नव्हता, हे मान्य करायला हरकत नाही. लांब चेंडू, उंच बचावपटू, फ्री किकच्या वेळी गोलरक्षकाभोवती गर्दी, अशी त्यांची पद्धत होती. इवूड पार्क या ब्लॅकबर्नच्या मैदानावर येणारे सगळेच प्रेक्षक तिच्यावर खूश होते असेही नाही. (याच अॅलर्डाइस यांनी बोल्टनमध्ये जे-जे ओकोचा आणि युरी जॉर्काएफ यांच्यासारखे कलंदर खेळाडू खेळवले आणि तो क्लब युरोपीय स्पर्धेपर्यंत नेला, हे त्यांच्यावर नाक मुरडणारे सोयीस्करपणे विसरतात, पण ते असो.)

नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकीज समूहाने हा क्लब विकत घेतला. कुक्कुटपालनाच्या व्यवसायात मोठे नाव असलेल्या या कुटुंबाच्या हाती प्रीमियर लीगमधला एक क्लब आला, ही बातमी तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही कौतुकाने छापून आली होती. महिनाभरही उलटला नव्हता तोच, १३ डिसेंबरला, अॅलर्डाइस यांना पदावरून दूर करण्यात आले. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता. आदल्याच दिवशी बोल्टनकडून २-१ असा पराभव झाला होता आणि त्याआधी मँचेस्टर युनायटेडने ७-१ अशी धूळ चारली होती, हे खरे. तरीही तेराव्या क्रमांकावरचा संघ संकटात आहे असे कोणी म्हटले नसते. नव्या मालकांच्या बोलण्यातून त्या काळात जो सूर उमटत होता, तो अधिक आकर्षक फुटबॉलचा आणि गुणतालिकेत बरेच वर जाण्याचा होता.

इथेच मला खरी गफलत दिसते. देखण्या खेळाची इच्छा धरण्यात काहीच चूक नव्हती. चूक ही झाली की तेरावा क्रमांक ही आपोआप मिळणारी, कोणीही मॅनेजर असला तरी हातची न जाणारी गोष्ट आहे असे गृहीत धरले गेले, आणि तिथून फक्त वरच जायचे आहे असा हिशेब मांडला गेला. वास्तविक तो तेरावा क्रमांक हीच अॅलर्डाइस यांची कमाई होती. त्यांच्या जागी आलेले स्टीव्ह कीन हे क्लबच्याच प्रशिक्षकवर्गातले होते आणि मॅनेजर म्हणून त्यांच्या गाठीशी अनुभव नव्हता. त्या मोसमाच्या अखेरच्या दिवशी, २२ मे २०११ रोजी, वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये ३-२ असा विजय मिळवून ब्लॅकबर्न कसाबसा वाचला. पुढच्या मोसमात ते भाग्यही उरले नाही. प्रेक्षकांनी महिनोन्‌महिने कीन यांच्याविरुद्ध निदर्शने केली. मधल्या काळात, ऑक्टोबर २०११ मध्ये, संघ बालेवाडीत पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला. त्याच मोसमात ओल्ड ट्रॅफर्ड या मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर ३-२ असा अविस्मरणीय विजयही मिळाला. पण अखेर ७ मे २०१२ रोजी स्वतःच्या मैदानावर विगनकडून १-० असे हरून ब्लॅकबर्न ३१ गुणांसह खाली गेला. त्या सामन्यात एका प्रेक्षकाने निषेध म्हणून मैदानात कोंबडी सोडली होती. बाहेरच्यांना ते दृश्य विनोदी वाटले असेल. माझ्यासारख्या पुण्यात राहणाऱ्याला ते पाहून अवघडल्यासारखे झाले.

त्यानंतर हा क्लब प्रीमियर लीगमध्ये परतलेला नाही. २०१७ मध्ये तर तो तिसऱ्या श्रेणीत जाऊन पोहोचला आणि टोनी मोब्रे यांनी त्याला वर्षभरात तिथून बाहेर काढले. मालकांच्या बाजूने हे सांगितले पाहिजे की तोटा भरून काढण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे स्वतःचा पैसा ओतला आहे आणि संकटात क्लब वाऱ्यावर सोडलेला नाही. परंतु पैसा ओतून वेळ परत येत नाही. २०१२ मध्ये दहा वर्षांचा असलेला ब्लॅकबर्नचा मुलगा आज कामाधंद्याला लागलेला आहे आणि त्याच्या आठवणीतला प्रीमियर लीगचा शेवटचा मोसम हा निदर्शनांचा आहे. ज्या आकर्षक फुटबॉलसाठी हा सगळा खटाटोप झाला असे सांगितले गेले, ते फुटबॉल तर त्याला पाहायलाच मिळाले नाही.

प्रीमियर लीगमधल्या शेवटच्या क्रमांकाच्या क्लबलाही आजकाल प्रक्षेपणाच्या हक्कांतून वर्षाला दहा कोटी पौंडांच्या आसपास रक्कम मिळते. खाली गेलेल्या क्लबला काही वर्षे भरपाईचे हप्ते मिळतात, पण ते दरवर्षी आटत जातात. मग सर्वांत चांगले खेळाडू विकले जातात आणि त्यांच्यापाठोपाठ कार्यालयात, तिकीट खिडकीवर, स्वयंपाकघरात काम करणाऱ्या स्थानिक माणसांच्या नोकऱ्या जातात. ‘खाली गेलेले काय वाईट’ या वाक्यात ही माणसे कुठेच नसतात.

आता दुसरी बाजू. ज्या २२ मे २०११ ला ब्लॅकबर्न वाचला, त्याच दिवशी त्याच लँकेशायरमधला ब्लॅकपूल बुडाला. इयान हॉलोवे यांच्या या संघाने कोणासमोरही बचावात्मक खेळायचे नाही असेच जणू ठरवले होते. लिव्हरपूलला त्यांनी घरी आणि बाहेर दोन्हीकडे हरवले. मोसमात त्यांनी ५५ गोल केले, जेवढे पाचव्या क्रमांकाच्या टॉटनहॅमने केले होते. आणि ७८ गोल खाल्ले, जेवढे दुसऱ्या कोणीच खाल्ले नाहीत. शेवटच्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्डवर ते २-१ असे पुढे होते आणि ४-२ असे हरले. त्यांचे गुण ३९ झाले. आणखी दोन गुण असते तर ते टिकले असते. जानेवारीत घरच्या मैदानावर याच युनायटेडविरुद्ध २-० ची आघाडी घेऊन त्यांनी सामना २-३ असा गमावला होता, तो एक राखला असता तरी पुरले असते. ब्लॅकपूलचे चाहते त्या वर्षाबद्दल आजही अभिमानाने बोलतात आणि त्यांना तो अधिकार आहे, कारण हा जुगार त्यांच्या संघाने त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या संमतीने खेळला. शिवाय त्या संघाकडे दुसरा पर्यायही फारसा नव्हता. तेवढ्या तुटपुंज्या पैशात उभा केलेला बचाव कितीही मागे उभा राहिला असता तरी फुटलाच असता.

संमतीचा हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. मैदानावर दर आठवड्याला पैसे मोजून जाणाऱ्या चाहत्याला कंटाळण्याचा पूर्ण हक्क आहे. वेस्ट हॅमच्या प्रेक्षकांनी मार्च २०१४ मध्ये हल सिटीविरुद्धचा सामना २-१ असा जिंकूनही आपल्याच संघाची हुर्यो उडवली होती. योगायोग पाहा, तिथेही मॅनेजर अॅलर्डाइसच होते आणि त्यांनी कानाला हात लावून, ऐकू येत नाही अशी खूण केली होती. मला त्या प्रेक्षकांचा निर्णय पटत नाही, पण तो त्यांचा होता. उद्या संघ खाली गेला असता तर त्याच प्रेक्षकांना ती शिक्षा भोगावी लागली असती.

आणि खेळ कंटाळवाणा आहे की नाही, हे टीव्हीवरून नेहमी कळते असेही नाही. टोनी प्युलिस यांचा स्टोक सिटी आठवा. रोरी डेलॅप हा लहानपणी भालाफेक करणारा खेळाडू बाजूच्या रेषेवरून चेंडू थेट गोलसमोर फेकायचा. चेंडू पुसायला टॉवेल तयार असायचे. आर्सेन वेंगर यांनी त्या खेळाची तुलना रग्बीशी केली होती. आपल्याला टीव्हीवर तो खेळ रटाळ वाटायचा, पण डेलॅपने टॉवेल उचलला की त्या मैदानावर जो गलका व्हायचा तो कंटाळलेल्या लोकांचा निश्चितच नव्हता. प्युलिस यांच्या पाच मोसमांत स्टोक कधीही चौदाव्या क्रमांकाच्या खाली गेला नाही आणि २०११ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात खेळला. पुढे मार्क ह्यूज यांनी बोयान, आर्नाउटोविच, शाकिरी अशा खेळाडूंना घेऊन त्याच संघाला देखणे रूप दिले आणि सलग तीन वेळा नववा क्रमांक मिळवला. म्हणजे बदल शक्य असतो. मात्र ह्यूज यांना प्युलिस यांनी बांधलेली बचावफळी आयती मिळाली होती. ती फळी जुनी होत गेली, तिची जागा घेणारे तितक्या तोलाचे कोणी आले नाही, आणि २०१८ मध्ये स्टोकही खाली गेला.

उलट, चेंडू स्वतःकडे ठेवणे म्हणजेच आकर्षक खेळ, हा समजही अलीकडे महाग पडला आहे. २०२४-२५ मध्ये साउदॅम्प्टनने स्वतःच्या गोलसमोर लहान लहान पास देत खेळ उभारण्याचा हट्ट सोडला नाही, डिसेंबरमध्ये टॉटनहॅमकडून ५-० असा मार खाल्ल्यावर मॅनेजर रसेल मार्टिन यांना जावे लागले, आणि मोसमाअखेर संघाचे गुण होते अवघे १२. तत्त्वनिष्ठेचे कौतुक करावे, पण त्यात करमणूक कोणाची झाली असेल तर ती समोरच्या संघाची.

आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये हा प्रश्न २०२४-२५ च्या मोसमापर्यंत उद्भवलेलाच नव्हता, कारण तोवर तिथून कोणी खाली गेलेले नव्हते. सर्जिओ लोबेरा यांच्या काळातला एफसी गोवा हा माझ्या मते या स्पर्धेतला सर्वांत देखणा संघ होता, पण त्या संघाने चार सामने सलग गमावले असते तरी फातोर्ड्याच्या प्रेक्षकाला पुढच्या वर्षीची चिंता नसती. ‘खाली गेलेले काय वाईट’ हे वाक्य आपल्या तोंडी इतके सहज येते, त्यामागे हेही एक कारण असावे.

शेवटी लीड्सबद्दल, कारण त्यावरून माझे मित्रांशी भांडण ठरलेले आहे. मार्सेलो बिएल्सा यांनी सोळा वर्षांनी हा क्लब प्रीमियर लीगमध्ये परत आणला, पहिल्याच मोसमात ६२ गोल करत नववा क्रमांक मिळवला, आणि शहरातल्या भिंतींवर त्यांची चित्रे रंगवली गेली. दुर्दैव असे की तो मोसम करोनामुळे जवळजवळ पूर्णपणे रिकाम्या मैदानांत खेळला गेला. लीड्सच्या लोकांनी आपला सर्वोत्तम काळ आपल्यासारखाच टीव्हीवर पाहिला. ते मैदानावर परतले तेव्हा संघ दमला होता, जायबंदी होता, आणि फेब्रुवारी २०२२ मधल्या पाच सामन्यांत त्याने २० गोल खाल्ले. क्लबने बिएल्सा यांना काढले. संघ त्या वर्षी अखेरच्या दिवशी ब्रेंटफर्डला हरवून वाचला आणि पुढच्या वर्षी खाली गेलाच, तेही शेवटच्या चार सामन्यांसाठी अॅलर्डाइस यांना बोलावून. माझे मित्र म्हणतात, जायचेच होते तर बिएल्सा यांच्याबरोबर जायला हवे होते. माझे मत असे की फेब्रुवारी २०२२ मध्ये घेतलेला निर्णय बरोबर होता. पाच सामन्यांत २० गोल खाणारा संघ तोवर देखणाही उरला नव्हता, आणि एक जादा वर्ष वरच्या श्रेणीत मिळणे ही एलंड रोड या लीड्सच्या मैदानावर परतलेल्या त्या प्रेक्षकांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. बिएल्सा यांच्या चाहत्यांनी यावर प्रतिक्रियांमध्ये खुशाल तुटून पडावे. फक्त तिथेही किंमत कोण मोजणार होते, तेवढे आपल्या उत्तरात लिहावे.